तांबड्या चांदीचा सौदा

सामसोन ही चांदीची खाण बंद झाली त्या वर्षी हार्त्स डोंगरातल्या आंड्रेआसबेर्गमध्ये बर्फ उशिरापर्यंत रेंगाळला होता. शेवटच्या पाळीचे खाणकरी वर आले, त्यांनी दिवे विझवले, चर्चमध्ये जाऊन बसले, पाद्रीबाबांनी चार धीराचे शब्द सांगितले, आणि मग जो तो आपापल्या वाटेला लागला. कुणी वेस्टफालियात कोळसा काढायला गेला, कुणी डोंगराखालच्या मिठाच्या खाणीत, कुणी बायकामुलांसकट थेट अमेरिकेला. उन्हाळा सरेपर्यंत गल्लीतल्या निम्म्या धुराड्यांतून धूर निघेनासा झाला.

लुडोल्फ क्लिंगेबील कुठेच गेला नाही. साठीला टेकलेल्या माणसाला नवी खाण कोण देणार, आणि दिली असती तरी त्याला ती नको होती. मिसरूड फुटायच्या आत तो सामसोनमध्ये उतरला होता, तो आत्ता कुठे वर आला होता. बायको मिना छातीच्या दुखण्याने कधीच गेलेली. एकुलती एक लेक आल्विना, तिने पक्ष्यांच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं. तो इथले कॅनरी पिंजऱ्यांत भरून बोटीने न्यूयॉर्कला न्यायचा. एका खेपेला तिलाही घेऊन गेला, आणि पक्ष्यांसारखीच तीही परत आली नाही. नाताळाला तिचं कार्ड यायचं. त्यात सगळे खुशाल असायचे.

मागे उरलं ते घर आणि वरच्या खोलीतले कॅनरी. त्या गावात कॅनरी घरोघरी असत. पाळीवरून आलेला माणूस जेवून झालं की चुलीपाशी बसून पिंजऱ्याच्या काड्या तासायचा, बायका अंडं आणि टोस्ट कुस्करून पिलांना भरवायच्या, आणि शरद ऋतूत तयार झालेले गाणारे नर व्यापारी येऊन घेऊन जायचे. आता पाळी नव्हती, भरवणारी बाई नव्हती. लुडोल्फ दिवसभर काड्या तासत बसे.

त्याचं शरीर मात्र खाण विसरायला तयार नव्हतं. सामसोनमध्ये उतरायला पाण्याच्या चाकावर हलणारे दोन लांबच लांब दोर होते, त्यांना पायऱ्या ठोकलेल्या. एक दोर खाली जाई तेव्हा दुसरा वर येई. माणसाने क्षणभर थांबायचं, या दोरावरून त्या दोरावर पाऊल टाकायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा टाकायचं. असं करत करत पाताळ गाठायचं. पाऊल चुकलं तर माणूस गेला. जन्मभराची ती सवय. घरातला साधा जिना उतरतानाही लुडोल्फ प्रत्येक पायरीवर किंचित थबकायचा. दुसरा दोर येण्याची वाट बघितल्यासारखा. मग स्वतःशीच खजील होऊन भराभर उतरायचा.

शेजारी डोरेट र्‍योगेनर राहायची. तीही एकटी, पण तिची एक शेळी होती आणि जीभ होती. कुंपणापलीकडून ती हाक मारायची, "लुडोल्फ, जिवंत आहेस का रे?"

"आहे."

"मग दूध घेऊन जा. मेलेल्यांना मी उधार देत नाही."

दिवसभरात त्याचं बोलणं एवढंच.

आता त्या दगडाबद्दल. खाणीच्या शेवटच्या काळात, माल संपत आलेला असताना, लुडोल्फच्या छिन्नीखाली एके ठिकाणी खडक पोकळ वाजला होता. कवच फुटलं तर आत मुठीएवढी पोकळी निघाली, आणि तिच्यात पांढऱ्या स्फटिकांच्या अंथरुणावर काळ्या पोलादी रंगाच्या बारीक सळया उभ्या. दाभणाच्या टोकाएवढ्या जाड, अंगावर उभ्या रेघा. असले देखणे तुकडे खाणकरी डब्यातून घरी आणत आणि मुकादम दुसरीकडे बघत असे. ही जुनी रीत होती. संग्रह करणारी शहरी मंडळी उन्हाळ्यात येत आणि चांगला भाव देत. लुडोल्फला वाटलं, ही तांबडी चांदीच, म्हणजे चांदीचं लालसर खनिज, फक्त जरा वेगळ्या जातीचं. तांबडी चांदी उजेडात ठेवली की काळवंडते हे गावात पोराटोरालाही ठाऊक. म्हणून त्याने तो तुकडा लोकरीत गुंडाळून तंबाखूच्या डब्यात ठेवला आणि डबा कपाटात सारला. पुढे खाणच बंद पडली आणि तो त्याला विसरूनही गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरात एका दुपारी दारावर टकटक झाली. दारात एक थुलथुलीत म्हातारा उभा होता. दाढी पांढरी, हॅट काढून हातात घेतलेली, गळ्यातल्या रिबिनीला भिंग लटकवलेलं. स्टेशन खाली दरीत आणि गाव डोंगराच्या माथ्यावर, त्यामुळे चढ चढून त्याची चांगलीच दमछाक झाली होती.

"ग्ल्युक आउफ," तो म्हणाला. खाणकऱ्यांचा रामराम शहरी तोंडातून जरा विनोदीच वाटला. "मी ओस्वाल्ड मेर्टेन. ग्योटिंगेनला माझं औषधांचं दुकान होतं, आता दुसऱ्याला दिलंय. दगड गोळा करतो. तुमच्याकडे काही आहे का?"

"पक्षी आहेत."

"पक्ष्यांना दाणे घालावे लागतात. दगडांचं तसं नसतं."

लुडोल्फला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून ते चेहऱ्यावर नीट बसलंही नाही. त्याने पाहुण्याला आत घेतलं, चिकोरी घातलेली कॉफी उकळली आणि कपाटातला डबा काढला.

मेर्टेनने लोकर उलगडली. तुकडा घेऊन खिडकीशी गेला. एक सळई उन्हाच्या रेषेत धरून त्याने भिंग लावलं आणि लुडोल्फला जवळ बोलावलं. "इकडे या. इथून बघा. कडेला."

लुडोल्फने डोळा लावला. काळ्या सळईच्या पातळ कडेतून ऊन आरपार जात होतं, आणि ती कड आतून पेटल्यासारखी गडद लाल दिसत होती. जुन्या दारूचा प्याला दिव्यासमोर धरावा तशी.

"तांबडी चांदीच की," लुडोल्फ म्हणाला.

"बहीण म्हणा तिची. हिच्यात चांदी आहे, अँटिमनी आहे, गंधक आहे, आणि मँगॅनीजही आहे. असं लग्न आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आत्ता कुठे विद्वानांनी हिचं बारसं केलंय. सामसोनाइट."

"आमच्या खाणीचं नाव?"

"तुमच्याच. अख्ख्या जगात तुमच्या खाणीतच सापडली ना."

"खाण तर मेली, साहेब."

"म्हणून काय झालं? आजोबा गेले की नातवाला त्यांचंच नाव ठेवतात." मेर्टेनने तुकडा पुन्हा लोकरीत निजवला. "बोला, काय घ्याल?"

लुडोल्फने तोंड उघडलं, पण आकडा काही बाहेर पडेना. पैसे नको होते असं नाही. छपराच्या फळ्या कुजल्या होत्या. पण खाणीतून आणलेली ही शेवटची वस्तू, आणि तिला नाव असल्याचं त्याला आत्ताच कळलं होतं. तो म्हणाला, "विचार करायला हवा."

"करा की. मी वसंतात पुन्हा येईन. चढाचा व्यायाम होईल."

मेर्टेन कॉफीचा दुसरा कप पिऊन गेला. जाता जाता त्याने लुडोल्फचा खोकला ऐकला आणि खिशातून स्वतःच्या हातच्या औषधी गोळ्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली.

वसंतात तो खरंच आला. गुरं पहिल्यांदा कुरणात निघाली होती, गल्लीभर घंटा किणकिणत होत्या, त्या कळपातून वाट काढत. लुडोल्फने त्या दिवशी सकाळीच जमीन झाडून काढली होती. कुणासाठी, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. मेर्टेनने ग्योटिंगेनहून साखरेचा केक आणला होता. डबा निघाला, दगड खिडकीशी गेला, लाल कड बघून झाली, आणि मग घासाघीस सुरू झाली.

"तुम्ही मला लुबाडताय, क्लिंगेबील."

"मी अजून भावच सांगितला नाही, साहेब."

"तेच तर. न सांगून लुबाडताय. माणूस किती वेळ अंदाज बांधत बसणार?"

"दगड कोट्यवधी वर्षं बसला तिथे. तुम्हाला इतकी घाई कसली?"

"मी दगड नाही ना."

घासाघीस संपली की भलत्याच गप्पा निघत. मेर्टेनलाही बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. घर सांभाळायला एक बाई होती, ती त्याच्या दगडांवर धूळ पुसण्याच्या निमित्ताने राग काढायची. लुडोल्फने त्याला मिनाबद्दल सांगितलं. दोरावरून पाऊल चुकून खाली गेलेल्या जोडीदाराबद्दलही सांगितलं. हे त्याने आल्विनालाही कधी सांगितलं नव्हतं. उठताना मेर्टेन म्हणाला, "तर मग दगडाचं काय?" लुडोल्फ म्हणाला, "शरदात बघू."

असं होत होत तो पायंडाच पडला. वर्षातून दोनदा मेर्टेन यायचा; गवत हिरवं झालं की एकदा, आणि पिवळं पडलं की एकदा. दर वेळी दगड मागायचा आणि रिकाम्या हाताने जायचा. मधले महिने लुडोल्फ काड्या तासायचा, पक्ष्यांना दाणे घालायचा, बर्फ पडला की दारापासून रस्त्यापर्यंत वाट खणायचा. त्या वाटेने कुणी येणार नसायचं. बर्फाळ दिवसांत डोरेटसुद्धा फक्त दुधाचं भांडं कुंपणावर ठेवून आत पळायची. कधी कधी संबंध आठवडा त्याला स्वतःचा आवाज ऐकू यायचा तो फक्त खोकल्याचा.

डोरेटला सगळं कळत होतं. एकदा दूध ओतताना ती म्हणाली, "तुझा जावई कधी यायचाय?"

"कुठला जावई?"

"तोच, पोटल्या. येतो, पोरीला मागणी घालतो, केक खातो, जातो. आणि तू उपवर मुलीच्या बापासारखा भाव खातोस. द्यायची आहे की नाही?"

"देईन की. घाई काय आहे?"

डोरेटने भांडं त्याच्या हातात दिलं. "दिलीस की तो परत कशाला येईल, असंच ना?" मग तिने शेळीला उगाचच एक शिवी हासडली आणि ती आत गेली.

लुडोल्फ भांडं धरून तसाच उभा राहिला. त्याला राग आला. रागाचं कारण मात्र सांगता येईना.

तिसऱ्या वर्षीच्या शरदात मेर्टेन आला तेव्हा दाट धुकं पडलं होतं. हार्त्स डोंगरातलं धुकं म्हणजे खिडकीला कुणी ओली चादर टांगल्यासारखं. शेजारचं डोरेटचं घरही दिसत नव्हतं. मेर्टेनला यायला फार उशीर झाला. लुडोल्फ दारात येऊन कानोसा घेत होता, तेव्हा धुक्यातून काठीची टकटक ऐकू आली, आणि मग तो स्वतः, भिंतीला हात लावत लावत येणारा.

"काठी कधी घेतलीत?"

"म्हातारं झालं की घेतात. नियम आहे."

आत आल्यावर त्याने टेबलाची कड आधी हाताने चाचपली आणि मग तो बसला. कॉफीचा कप उचलताना बशी कलंडली. लुडोल्फने फडक्याने पुसलं. केक या खेपेला नव्हता. दुकान बंद होतं, असं मेर्टेन म्हणाला.

डबा निघाला. नेहमीसारखा मेर्टेन उठून खिडकीशी गेला. त्याने सळई वर धरली, भिंग डोळ्याला लावलं, मान वाकडी केली आणि बराच वेळ बघत राहिला.

"वा," तो हळूच म्हणाला. "काय लाल आहे. दर वेळी वाटतं, एवढा लाल मागच्या वेळी नव्हता."

लुडोल्फने खिडकीकडे बघितलं. बाहेर उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती. खोलीत दिवा लावावा एवढा अंधार होता. त्या धुक्यात दगड कोळशाच्या तुकड्यासारखा काळा दिसत होता आणि काळाच दिसणार होता.

मग मागचा वसंत त्याला आठवला. मेर्टेनने तेव्हा कपाऐवजी साखरेच्या भांड्यात चमचा घातला होता आणि दोघेही हसले होते. पक्ष्याचा रंग सांगताना तो चुकला होता. म्हणजे तेव्हाही? हा माणूस गाड्या बदलत, तो चढ चढत इथवर येत होता, आणि जे बघायला येतो म्हणत होता ते त्याला दिसतच नव्हतं.

"हो साहेब," लुडोल्फ म्हणाला. "आज जरा जास्तच लाल आहे."

दगड मेर्टेनने हातात थोडा वेळ तसाच धरला. सळयांच्या अंगावरच्या रेघांवरून अंगठा फिरवला, आणि मग लोकरीसकट लुडोल्फच्या दिशेने पुढे केला. लुडोल्फ जिथे उभा होता त्याच्या वीतभर डावीकडे.

"मग? या वेळी काय भाव?"

"वसंतात बघू," लुडोल्फ म्हणाला.

"खडूस माणूस आहात तुम्ही."

त्या दिवशी लुडोल्फ त्याला स्टेशनापर्यंत सोडायला गेला. मलाही खाली काम आहे, पक्ष्यांचं पार्सल पाठवायचंय, असं म्हणाला. हातात पार्सल नव्हतं. उतारावर त्याने मेर्टेनच्या कोपराखाली हात घातला. मेर्टेनने तो काढून टाकला नाही.

"इथे दगड वर आलेत. जपून."

"मला माहीत आहे."

थोडं पुढे गेल्यावर मेर्टेन म्हणाला, "सामसोनमध्ये दिवा विझला तर काय करायचात तुम्ही?"

"थांबायचं. हलायचं नाही. दुसरा कुणीतरी दिवा घेऊन येतोच."

"आणि नाही आला तर?"

"येतोच," लुडोल्फ म्हणाला. "उशीर होतो एवढंच."

गाडी सुटली तेव्हा मेर्टेनने खिडकीतून हॅट हलवली. लुडोल्फ होता त्याच्या उलट बाजूला.

वसंत आला, गवत हिरवं झालं, गुरांच्या घंटा वाजल्या. मेर्टेन आला नाही. घर सांभाळणाऱ्या बाईने कार्ड टाकलं होतं की साहेबांची दृष्टी गेली असून डॉक्टरांनी त्यांना प्रवास करू नका म्हणून बजावलंय. लुडोल्फने कार्ड खिडकीत उभं करून ठेवलं. दोन दिवस तो काड्या तासत राहिला. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी जाऊन म्हणाला, "डोरेट, उद्या माझ्या पक्ष्यांना दाणे घालशील का?"

"कुठे निघाली स्वारी?"

"ग्योटिंगेन."

"आता मुलगीच निघाली म्हणायची सासरी." मग त्याचा चेहरा बघून तिने आवाज उतरवला. "घालीन. अंडं मात्र तुझं तू उकडून ठेव."

त्याने दगड घेतला नाही. आंधळ्या माणसाला दगडाचं काय करायचं? त्याने वरच्या खोलीतला सगळ्यात गाता नर निवडला. ज्याच्यामागून बाकीचे नवखे नर गाणं शिकायचे असा जुना उस्ताद. छोट्या लाकडी पिंजऱ्याला फडकं गुंडाळून तो आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लांबच्या गाडीत बसला. वाटेत एका बाईने विचारलं, "काय आहे हो त्यात?" तर म्हणाला, "गवई आहे. झोपलाय."

ग्योटिंगेनला मेर्टेनचं घर औषधाच्या दुकानावर होतं. घर सांभाळणारी बाई, वरून खालपर्यंत काळ्या कपड्यांत, त्याला जिन्यातच थांबवून म्हणाली, "पक्षी विकणारे खाली उभे राहतात."

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"ग्ल्युक आउफ," लुडोल्फ म्हणाला.

"अहो, आत सोडा त्यांना. ते विकत नसतात. तीच तर त्यांची खोड आहे."

मेर्टेन खिडकीशी बसला होता. किती बारीक झाला होता. भिंतीला चहूकडे कपाटं, कपाटांना उथळ खण, आणि खणांत त्याचं सगळं आयुष्य. लुडोल्फने फडकं काढलं. थोडा वेळ पक्षी गप्प होता. मग त्याने गळा फुगवला आणि चोच मिटून तो खोल, घुमणारा सूर लावला. सूर खाली खाली उतरत गेला, तळाला जाऊन घोळला आणि पुन्हा वर आला.

मेर्टेनने डोळे मिटले होते. मिटायची गरज नव्हती, तरी. पक्षी थांबल्यावर म्हणाला, "हा माझ्यासाठी?"

"हो."

"किती घेणार?"

"शरदात बघू."

मेर्टेन असा हसला की घर सांभाळणारी बाई दारात येऊन बघून गेली. मग त्याने खण उघडून एकेक दगड काढला आणि बोटांनी, वजनाने ओळखून लुडोल्फच्या हातावर ठेवला. हा साक्सनीचा, हा बोहेमियाचा, हा पार पेरूहून आलेला. मध्येच थांबून म्हणाला, "आणि आपला दगड? आणलात?"

"नाही. त्याच्यासाठी तुम्हीच यायचं. तशी रीत आहे."

"येईन. पुढच्या वसंतात भाच्याला सांगतो, मला वर घेऊन चल म्हणून. तो तरुण आहे, ओढून नेईल."

परतीच्या गाडीची वेळ झाली तशी लुडोल्फ उठला. मेर्टेनने हात पुढे केला. या वेळी बरोबर त्याच्याच दिशेने, कारण लुडोल्फ बोलत होता. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचा हात धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. जिन्यातून उतरताना लुडोल्फ प्रत्येक पायरीवर थबकला. या वेळी त्याला त्याचं काही वाटलं नाही.

पुढचा हिवाळा वाईट गेला. बर्फाने आगगाडी बंद पडली, टपालही आलं नाही. ते आलं तेव्हा त्यात काळ्या कडेचं पाकीट होतं. मेर्टेन फेब्रुवारीत गेला होता. मूठमाती देऊनही बरेच दिवस झाले होते. लुडोल्फने पाकीट टेबलावर ठेवलं, कोट चढवला आणि फावडं घेऊन बाहेर गेला. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट त्याने आधीच खणली होती. तीच त्याने पुन्हा, आणखी रुंद खणली. डोरेट तिच्या खिडकीतून बघत होती.

घरात आता पक्ष्यांचा आवाजही कमी झाला होता. उस्ताद गेल्यापासून नव्या नरांचं गाणं बिघडलं होतं, खरखरीत झालं होतं. व्यापाऱ्याने भाव पाडला. लुडोल्फने भांडण केलं नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक तरुण आला. अंगात हलक्या रंगाचा कोट, हातात चामड्याची बॅग, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे नजर. तो मेर्टेनचा भाचा होता.

"मामांचा संग्रह विद्यापीठाला जातोय," तो म्हणाला. "त्यांच्या नावाने एक स्वतंत्र कपाट असेल. सगळं आहे, फक्त एक वस्तू नाही. ते म्हणायचे, आंड्रेआसबेर्गला एक माणूस आहे, त्याच्याकडे ती आहे, पण तो जन्मात देणार नाही."

लुडोल्फ उठला. कपाट उघडून त्याने डबा काढला आणि तरुणाच्या समोर ठेवला. "घ्या."

तरुण गोंधळला. "पण मामा तर म्हणायचे... तुमचा भाव काय?"

"त्यांनी काय ठरवलं होतं?"

तरुणाने बॅगेतून पाकीट काढलं. लुडोल्फने ते न उघडताच टेबलावर ठेवून दिलं.

"एवढंच? ते चार वर्षं याच्या मागे लागले होते."

"चार वर्षं झाली होय," लुडोल्फ म्हणाला. "उजेडात ठेवू नका त्याला."

"मला ठाऊक आहे. अंधाऱ्या खणात राहील." तरुणाने लोकर उलगडून एकदा बघितलं. खिडकीकडे मात्र नेलं नाही. "तुम्ही मला गाडी गाठून दिलीत. मला वाटलं होतं रात्र इथेच काढावी लागणार."

"कॉफी केली असती."

"नको, नको. उशीर होईल."

दारात तो थांबला. "तो तुमचा पक्षी... मामा शेवटपर्यंत त्याला उशाशी ठेवायचे. आता बाईंकडे आहे. त्या म्हणतात, परत देणार नाही."

"राहू दे," लुडोल्फ म्हणाला. "त्यांनाही लागेल कुणीतरी."

तरुण भराभर उतार उतरून गेला. वळणावर त्याचा हलका कोट थोडा वेळ दिसला, मग नाही. लुडोल्फ दारात उभाच होता. खुंटीवरचा कोट घ्यावा, त्याच्यामागून जावं, तुमचे मामा घासाघीस कशी करायचे ते त्याला सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण त्या पोराला गाडी गाठायची होती.

"कोण होता रे?" कुंपणापलीकडून डोरेटने विचारलं.

"गिऱ्हाईक."

"दगडाचं?"

"हो."

"आणि दिलास?"

"दिला."

डोरेट शेळीचं दावं सोडवता सोडवता थांबली. "बटाटे उकडतेय," ती म्हणाली. "चीज आहे, जिरं घातलेलं. यायचं तर ये. मी काही बोलवायला येणार नाही."

तो गेला. तिच्या स्वयंपाकघरात धूर होता आणि खुर्ची एकच, म्हणून ती लाकडाच्या ओंडक्यावर बसली. ती बोलत राहिली. शेळीबद्दल, पाद्रीबाबांच्या नव्या बायकोबद्दल, वरच्या गल्लीतलं आणखी एक घर रिकामं झालं त्याबद्दल. लुडोल्फ बटाटे सोलत ऐकत होता. एकदा तिने विचारलं, "ऐकतोयस ना?" तो "हो" म्हणाला, आणि ऐकतही होता. पण मधूनच त्याचे कान रस्त्याकडे लागत. मग त्याच्या लक्षात येई की आता तिकडून कुणी येणार नाही, आणि तो पुन्हा बटाट्याकडे बघे.

उजेड असतानाच तो घरी परतला. पाकिटातल्या पैशांनी त्याने पुढच्या महिन्यात छपराच्या फळ्या बदलून घेतल्या. सुतार चांगला होता. काम झाल्यावर म्हणाला, "आता वीस वर्षं बघायला नको, आजोबा." लुडोल्फने मान हलवली आणि शिडी धरून उभा राहिला, सुतार खाली उतरेपर्यंत.